सवाल टाकून गप्प बसलेला बँड

आमच्या तालुक्यातल्या ऊसतोडणी कामगारांनी मॉरिशस हे नाव पहिल्यांदा ऐकलं ते एका कॅसेटमुळे. पुण्यात शिकायला आलेला तिथला एक विद्यार्थी आमच्या शिबिराला आला होता, तो जाताना ठेवून गेला. बँडचं नाव ‘लापाय’. त्यांच्या क्रेओल बोलीत लापाय म्हणजे उसाचं पाचट. हे कळल्यावर टोळीतल्या बाया हसत सुटल्या, “म्हंजी आपलाच बँड की गं!” मग जिथे अड्डा पडेल तिथे ती कॅसेट वाजायची.

सुरुवातीला कोकणातल्या जाखडीसारखा गण, मोडक्या पण ओळखीच्या मराठीत. तो संपतो न संपतो तोच इलेक्ट्रिक गिटार अशी घुसायची की बैलं कान टवकारायची. आणि या सगळ्याखाली रावान. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचं मोठं, डफासारखं वाद्य. पुढचे शब्द क्रेओल, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या, आम्हाला एकही कळत नसे. पण राग कळायचा. मला तो चांगलाच कळायचा.

शेवटचं गाणं मात्र मराठीत होतं. एक पुरुष दोनच ओळी म्हणतो:

जाणारा मोजी लाटा गं, बोटीच्या काठावरी,
राहणारा काय मोजी, सांग गं, दाराच्या उंबऱ्यावरी?

मग थोडी रावान. मग नुसती फीत खरखरते. उत्तर नाही. त्यानंतर बँडची दुसरी कॅसेटही नाही.

आम्ही आणीबाणी बघितलेली माणसं. गाणं मधेच तुटलं की आमच्या डोळ्यांपुढे कात्रीच येते. सरकारनं नाहीतर मळेवाल्यांनी या लोकांचा गळा दाबला, याबद्दल मला काडीची शंका नव्हती. त्यामुळे तिथल्या एका मराठी मंडळानं गणपतीआधी मुलांना गाणी शिकवायला आमच्या संघटनेच्या कलापथकातलं कुणीतरी धाडा म्हटलं, तेव्हा मी पहिला हात वर केला. मला त्या बँडवर पत्रक काढायचं होतं. मथळासुद्धा ठरला होता.

पोर्ट लुई

लोक मॉरिशसचा समुद्र बघायला जातात. मी गोदीवर गेले. याच धक्क्यावर आपली माणसं उतरवली, करारावर अंगठे घेऊन. कोकणातली, घाटावरची, पोटाला नाही म्हणून निघालेली. धक्का आता स्वच्छ आहे, पाणी निळंशार आहे, आणि तिथे उभं राहून मला नुसता संताप येत होता. जवळच एक माणूस निवांत मासे पकडत होता. त्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली. त्याच्यावर रागावता येईना, म्हणून मी बाजारात गेले.

बाजारात डाळपुरी खाल्ली. तुम्ही गेला नसाल तर सांगते, पुरणपोळीत गूळ घालायचाच राहिला असं समजा. वाटाण्याच्या डाळीचं सारण, मऊ लुसलुशीत पोळी, वर मिरचीचं वाटण. गाडीवाल्यानं वाटण कमी घालायची खूण केली. मी म्हटलं, अरे, मी कोल्हापूरकडची, घाल. मग पुढचा बराच वेळ मी बाजाराच्या नळाखाली तोंड धरून उभी होते आणि गाडीवाला गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. त्यांची मिरची वेगळी आहे. वाद घालू नका.

कॅसेटच्या दुकानात लापायचं नाव काढलं, तर दुकानदाराचा चेहराच उजळला. त्याला हिंदी येत होतं. मी पाच-सहा कॅसेटी उचलून दाखवल्या तर म्हणाला, हे सगळे लापायची पोरं. म्हणजे नात्यानं नव्हे. लापायच्या आधी रावान पत्र्याच्या खोपीत आणि गिटार मोठ्या हॉटेलात. लापायनं दोघांना एका मचाणावर बसवलं, वर देवळातलं गाणंही तिथेच आणलं. त्यांच्यानंतर गावोगावी बँड निघाले. आता लग्नातसुद्धा त्यांचाच ठेका वाजतो, आणि वाजवणाऱ्याला तो कुणाचा हे माहीत नसतं.

“आणि त्यांना बंद कुणी केलं?” मी विचारलं.

त्यानं खांदे उडवले. “गिटारवाला हरी पेती राफ्रेला राहतो. त्यालाच विचारा.”

घाबरतोय, असं मी मनात टिपून ठेवलं.

लॉंग माउंटन

मंडळानं माझी सोय लॉंग माउंटनला केली होती, एका काकीकडे. बस गावाबाहेर पडते आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू होतो. ऑगस्टात तिथे हिवाळा, आणि तोडणी ऐन रंगात. आपल्याकडे दसऱ्यानंतर कोयता उठतो, यांचा तेव्हा खाली ठेवायला आलेला असतो. मागे डोंगर, त्यातल्या एकाच्या टोकावर वाटोळा धोंडा, कुणी डोक्यावर घेऊन उभं असल्यासारखा. आणि शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग, घराएवढे उंच, नीट रचलेले. मला आधी वाटलं देवळं आहेत. शेजारच्या बाईनं सांगितलं, जमीन साफ करताना आपल्या आज्या-पणज्यांनी हातानं वेचलेले दगड आहेत ते. तेच दगड, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ वाटावा असे. खिडकीला डोकं टेकवून मी ते ढीग बघत राहिले. एकावरही कुणाचं नाव नाही.

काकी साठीच्या. जन्मभर उसात खुरपणी केलेली बाई, आता घरी. उंबऱ्यातच त्यांनी माझा हात धरला.

“आयो, किती वाळलीस गं! तुमच्या मुलकात खायाला देत न्हायत काय?”

हे मराठी ऐकून मी जागच्या जागी थांबले. माझी पणजी असं बोलत असणार. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बोटीत चढलेली भाषा, वाटेत थोडी क्रेओल आणि भोजपुरी चढवून, या बाईच्या तोंडात जिवंत होती. काकींचे नातलग मात्र बोलायला लागले की दोन शब्द मराठी आणि पुढची गाडी क्रेओलमध्ये.

रात्रीच्या जेवणाला भात, डाळ, आणि खारट मासळीचा लालभडक रस्सा. जेवताना काकींनी विचारलं, “आमचा गाव म्हाडाच्या अलीकडं, का पलीकडं?”

म्हाड म्हणजे आपलं महाड, हे मला जरा उशिरानं कळलं. “गावाचं नाव काय, काकी?”

“त्ये कुणाला ठावं? माजी आजी म्हनायची, नदी उतरली की आमचा गाव. बस. तुला ठावं आसंल म्हनून इचारलं.”

कोकणात नद्या किती, हे मी सांगितलं नाही. पलीकडं, म्हटलं. काकींनी मान डोलावली आणि ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रकं घेऊन उसात गेले. आमच्या मागण्यांची पत्रकं बरोबर नेली होती, इथल्या भगिनींना पाठिंबा म्हणून. बाया डोक्याला रुमाल, वर गवती टोपी, पायात रबरी बूट घालून पाचट ओढत होत्या. सगळ्यांनी पत्रक घेतलं. एकीलाही वाचता येईना, मराठी तिथे देवळातल्या वर्गात शनिवारी शिकतात आणि या शनिवारीही कामावर असतात. एकीनं ते दुमडून टोपीच्या आत घातलं, घाम टिपायला. ती म्हणाली, छान आहे, आणखी दोन दे. मी दिली. आपल्याकडेही यापेक्षा फार वेगळं होत नाही, फक्त आपण ते कबूल करत नाही.

परत येऊन मी काकींना लापायबद्दल विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

“त्यात गानारी सुमित्रा माजी पोर.”

 आमच्या अड्ड्यांवर जिचा आवाज वाजतो, तिच्याच घरी मी काल रस्सा भुरकला होता.

“कुठे आहे ती?”

“लोंद्रात.” म्हणजे लंडनला. “नर्स शिकाया ग्येली, थितंच ऱ्हायली. गोरा नवरा हाय, दोन ल्येकरं हायत. फोटू धाडती. बर्फात हुबी ऱ्हाऊन हासती.” मग सुपाला एक झटका देऊन म्हणाल्या, “हरी माजा जावई व्हता व्हता ऱ्हायला. उद्या जा त्याच्याकडं. सांग, काकी म्हनली, दाढी कर.”

पेती राफ्रे

हरीनं दाढी केलेली नव्हती. तो नव्यानं निघालेल्या स्वेटरच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करतो. पस्तिशीचा, शांत, डोळ्यांखाली काळं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गिटार, ॲम्प्लिफायर, आणि बाकावर आडवा पडलेला आंद्रे. हा रावान वाजवणारा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशातला, पण काकींच्या शेजारघरात वाढलेला, त्यामुळे गण त्याला देवळातल्या पोरांपेक्षा चांगला पाठ. पूर्वी गोदीत साखरेच्या गोण्या वाहायचा. ते काम यंत्रानं घेतलं. आता बहिणीकडे ऑस्ट्रेलियाला निघाला होता, गणपती झाले की दुसऱ्याच दिवशी, कायमचा.

मी बॅग खाली ठेवली आणि मुद्द्यालाच हात घातला. “तुमचं शेवटचं गाणं कुणी कापलं?”

हरी आंद्रेकडे बघू लागला, आंद्रे हरीकडे.

“कापलं? कोन कापनार?” हरी म्हणाला. “रेडिओ आमाला वाजवीतच नव्हता. हरताळ झाले तवा गाडीवर हुबं ऱ्हाऊन गायलो, तवा पोलीस आले, दोन तास बसवून चा पाजली, सोडलं. गानं कुनी कापलं न्हाय. आमीच थांबलो.”

“का?”

“सवाल लागलाय.”

मग त्यानं मला समजावून सांगितलं. जाखडीला तिथे झाकरी म्हणतात. त्याचा आजा झाकरीचा म्होरक्या होता. दोन बाऱ्या, म्हणजे गाणाऱ्यांच्या टोळ्या, समोरासमोर. एक सवाल टाकते, दुसरीनं गाण्यातच जवाब द्यायचा. जवाब येत नाही तोवर सवाल टाकणाऱ्यानं दुसरं गाणं उचलायचं नाही. विजेची गिटार आली, गाणी मळेवाल्यांवर रचली, पण हा कायदा लापायनं सोडला नाही. हरी सवाल टाकायचा, सुमित्रा जवाब द्यायची. फुटबॉलच्या मैदानावर माणसं त्यासाठीच जमत, ही आता काय उत्तर देते बघायला. म्हाताऱ्यांनी आधी देवळाचा कर्णा द्यायला नकार दिला होता, नंतर तेच पुढे येऊन बसत.

“ती ग्येली. मी आमच्या कॅसेटीच्या शेवटाला दोन ओळी गायलो, एक कॅसेट तिला धाडली. तिथून जवाब भरून धाडंल म्हनलं.”

“आणि?”

“आनि काय. फोटू आले.”

माझं डोकं फिरलं. चांगल्या चालत्या बँडनं, ज्याची गाणी समुद्रापलीकडे माझ्या बायांना उभं करतात, त्यानं एका रूढीपायी वर्षानुवर्षं तोंड शिवून बसायचं? मी हे असंच्या असं बोलले. वर म्हटलं, एका माणसाच्या वाट बघण्यापायी चळवळीचं नुकसान करण्याचा तुम्हाला हक्क काय?

हरी रागावला नाही. “तू हरताळ करतीस न्हवं?”

“करते.”

“मागनी मान्य हुईना, आनि कुनी म्हनलं, जाऊ दे, कामाला लाग. लागतीस?”

मी बॅग उचलली, परत खाली ठेवली. पण गप्प बसायची सवय नाही. म्हटलं, मग जवाब मी देते. आणि तिथेच उभी राहून, शाहिरी आवाज लावून, रचून गायले: राहणारा मोजतो अन्याय, मोजतो घामाचे थेंब, मोजतो जुलमाचे दिवस, आणि एके दिवशी मूठ वळतो. आमच्याकडे यावर टाळ्या पडल्या असत्या.

आंद्रे बाकावरून उठून बसला आणि हरीला क्रेओलमध्ये काहीतरी म्हणाला. दोघं हसले.

“काय म्हणतो?”

“म्हनतो, आवाज मोठा हाय, गोदीवर कामाला आला असता.” मग हळूच म्हणाला, “बाई, हे भाशन हाय. आनि सवाल तुला टाकलाच न्हवता.”

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. शेडबाहेर येऊन मी उसाकडे तोंड करून उभी राहिले. पाठोपाठ आंद्रे आला. मोडक्या मराठीत म्हणाला, “मी जानार. एकदा वाजवायचं. त्याला सांग.” एवढंच. मोठा दांडगा माणूस, पण हे बोलताना पायाकडे बघत होता.

सांगू कशी? नियमात एक वाट होती, ती कायदा समजावताना हरीनंच मला दाखवली होती. सवाल टाकणाऱ्याला आपल्याच सवालाचा जवाब देता येतो. पण तो दिला की तो हरला. म्होरकेपण उतरवायचं, ते दुसऱ्याच्या हाती द्यायचं, आणि पुन्हा त्या माणसावर सवाल टाकायचा नाही. म्हणजे हरताळ मागे घेणं. मी एकदा घेतलाय. त्यानंतर कित्येक दिवस आमच्या बाया माझ्याशी नीट बोलत होत्या, तेच सोसवत नव्हतं.

मी संध्याकाळी हे काकींना सांगितलं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग पदर खोचून म्हणाल्या, “चल.” आणि आम्ही त्याच बसनं परत पेती राफ्रेला.

हरी दारातच भेटला. काकींनी आत पाऊल टाकलं नाही.

“दाढी क्येली न्हाईस.”

“न्हाय, काकी.”

“माजी पोर यायची न्हाय, हरी. तू मला इचारत न्हवतास, म्हनून मी बोलत न्हवते. आई असून मला कळलं, तुला कवा कळनार?” त्यांचा आवाज चढला नव्हता. “त्या आंद्रेला रिकाम्या हातानं धाडू नगंस. माज्या दारात वाढलाय त्यो.”

हरीनं हनुवटीवरून हात फिरवला. काकी बसमध्ये खिडकीशी बसल्या आणि लॉंग माउंटन येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. 

विसर्जन

गणपतीला तिथे सगळ्या देशाला सुट्टी. मूर्ती खांद्यावरून, पायी, उसाच्या रस्त्यानं. मी शिकवलेल्या पोरांनी आरत्या बऱ्या म्हटल्या. त्यांच्या शब्दांना क्रेओलचा हेल होता आणि मला तो एकाएकी आवडू लागला होता. समुद्रात मूर्ती बुडाली तेव्हा काकींनी क्षितिजाकडे हात जोडले. कुठल्या दिशेला आपला मुलूख, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक असतं, गावाचं नाव ठाऊक नसलं तरी. चार दिवसांत परतणार असूनही मीही त्याच दिशेला हात जोडले.

दुपारी देवळामागच्या मोकळ्या जागेत माणसं जमली. कुणी बोलावलं नव्हतं. आंद्रे रावान घेऊन बसमधून उतरला हे एकानं बघितलं, आणि तेवढं पुरे झालं. त्यानं उसाचं पाचट गोळा करून जाळ केला. रावानचं कातडं गार असलं तर बोलत नाही, ते तापवावं लागतं. जाळावर ती फिरवत, मधेच बोटानं टिचकी मारून ऐकत, तो घाई न करता बसला होता. देवळाच्या ओसरीवरून विजेची तार ओढलेली. हरी गिटार घेऊन आला. दाढी केलेली होती.

गण झाला. म्हाताऱ्यांनी टाळ धरले. मग हरीनं त्या दोन ओळी गायल्या, जाणारा मोजी लाटा. कॅसेटवर जिथे नुसती खरखर येते, तिथे तो थांबला. काकी माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझं मनगट धरलं. सगळ्या जमावाला कायदा ठाऊक होता, तिथलं लहान पोरसुद्धा कुजबुजत नव्हतं. मग हरी डोळे उघडे ठेवून, लोकांकडे बघत, स्वतःच्याच सवालाचा जवाब गायला:

राहणारा मोजी ना काही रे, राहणाऱ्याला वेळ नाही,
दार लोटुनी सकाळी, राहणारा कामाला जाई.

एकही टाळी पडली नाही. म्हाताऱ्यांतला एक जण नुसतं “हां” म्हणाला. आणि मग आंद्रेनं रावानवर तळवा मारला.

पुढे जे झालं ते मला लिहिता येणार नाही, मला पत्रकाची भाषा येते. ती सगळी गाणी त्यांनी वाजवली, एकामागून एक, हरताळाची, गोदीची, दगडांच्या ढिगांची. सुमित्राच्या ओळी आल्या की सगळा जमाव तिच्या जागी गात होता. काकी गात नव्हत्या, पण त्यांचे ओठ हलत होते. मी नाचले. उसातल्या त्या बाया रबरी बूट घालूनच नाचत होत्या. मला राहून राहून आमच्या अड्ड्यावरच्या बाया आठवत होत्या. त्यांनी हे बघायला हवं होतं, मी एकटीनं बघणं हा अन्याय होता.

शेवटी हरीनं गळ्यातलं म्होरक्याचं उपरणं काढून आंद्रेच्या गळ्यात घातला. म्होरक्या आता तो. लोक ओरडत होते, अजून, अजून. आंद्रे घामानं निथळत उभा राहिला, रावान छातीशी धरली आणि हरीकडे तोंड करून क्रेओलमध्ये गायला. काकींनी मला कानात अर्थ सांगितला: दोघांनी मिळून एक रावान तापवली. एक जण निघून गेला. ऊब कुणाच्या हातात राहिली?

हरीचं तोंड उघडलं. जवाब त्याच्या जिभेवर होता, मला दिसला. आंद्रेनं पुढे होऊन आपला तळवा त्याच्या तोंडावर ठेवला.

“पा रेपोन,” तो म्हणाला. मग माझ्याकडे एक नजर टाकून मराठीत, “जवाब नको. मी येतो तवा.”

ऑस्ट्रेलियाहून कोण येतो? तिथे उभ्या प्रत्येकाला माहीत होतं. हरीनं तो हात तोंडावरून खाली घेतला. मग खाली वाकून त्यानं ॲम्प्लिफायर बंद केला. पोरं ओरडू लागली, एक तरी, एकच. बाहेरगावाहून आलेल्या एका दांडग्या पोरानं मलाच विचारलं, का थांबले हे, कुणी थांबवलं यांना?

“सवाल लागलाय,” मी त्याला सांगितलं.